चिऊचा पदवीचा विषय : घरच्या ग्रुपवरची चर्चा

दादा, न्यू जर्सी :
सर्वांना नमस्कार. आमच्या चिऊला पदवीसाठी दोन ठिकाणी प्रवेश मिळाला आहे आणि १ मेपर्यंत त्यांपैकी एका ठिकाणी अनामत भरून होकार कळवायचा आहे. एक आमच्याच राज्याचे विद्यापीठ आहे; तिथे तिला संख्याशास्त्र घ्यायचे आहे. दुसरे खासगी आहे. तिथे बायोमेडिकल इंजिनिअरिंगला जागा मिळाली आहे. तिला पुढे डॉक्टर व्हायचे आहे, यावर घरात दुमत नाही. माझा कल इंजिनिअरिंगकडे आहे, कारण ते वैद्यकाला जवळचे शिक्षण आहे आणि पुढे वैद्यकीय प्रवेश मिळाला नाही तरी नोकरी देणारी पदवी हातात राहील. ताई, तू या वाटेने गेली आहेस, म्हणून तुझे मत सविस्तर हवे आहे.

नाना, सातारा :
चिऊचे अभिनंदन. माझा प्रश्न मात्र त्याच्याही आधीचा आहे. डॉक्टर व्हायचे असेल तर मुळात ही चार वर्षांची पदवी कशासाठी? आपल्याकडे मुले बारावीनंतर नीट देतात आणि साडेपाच वर्षांत, आंतरवासितेसह, एमबीबीएस होतात. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये फिलाडेल्फियाला गेल्या आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. त्यांच्याजवळ आधीची कोणतीही पदवी नव्हती. मग अमेरिकेत ही पायरी मध्येच कुठून आली?

ताई, क्लीव्हलँड :
नाना, आनंदीबाईंच्या काळी तिथल्या बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांना पदवी लागतच नव्हती. १८९३ मध्ये बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्सचे वैद्यकीय महाविद्यालय उघडले आणि त्यांनी प्रवेशासाठी पदवीची अट घातली. पुढे १९१० मध्ये अब्राहम फ्लेक्सनर यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांनी अमेरिका आणि कॅनडातल्या वैद्यकीय शाळा स्वतः फिरून पाहिल्या आणि प्रयोगशाळा नसलेल्या, पैसे घेऊन पदव्या देणाऱ्या शाळांवर इतके स्पष्ट लिहिले, की त्यांतल्या बऱ्याच काही वर्षांत बंद पडल्या. ज्या उरल्या त्यांनी विद्यार्थ्याने आधी महाविद्यालयात रसायन, जीवशास्त्र आणि भौतिकशास्त्र शिकून यावे, अशी अपेक्षा धरली, आणि तीच रीत आजवर चालत आली आहे.

दादा, तुझ्या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी एक गैरसमज दूर करते. ‘प्री-मेड’, म्हणजे वैद्यकीय प्रवेशाची पूर्वतयारी, हा बहुतेक विद्यापीठांत विषय नसतो, तो केवळ एक हेतू असतो. वैद्यकीय महाविद्यालये पदवी कोणत्या विषयातली आहे हे ठरवून देत नाहीत. ती काही ठरावीक अभ्यासक्रम मागतात. प्रयोगशाळेसह एक वर्ष जीवशास्त्र, एक वर्ष सामान्य रसायन, ऑर्गॅनिक केमिस्ट्री, एक वर्ष भौतिकशास्त्र, बायोकेमिस्ट्री, इंग्रजी लेखन आणि बऱ्याच ठिकाणी संख्याशास्त्र, असा साधारण संच असतो. प्रत्येक महाविद्यालयाची यादी थोडी वेगळी असते आणि शाळेत असतानाच दिलेल्या महाविद्यालयीन पातळीच्या एपी परीक्षेतून मिळालेले श्रेय सगळीकडे चालत नाही, म्हणून चिऊने त्यावर विसंबू नये. हा संच पूर्ण केला, की मुख्य विषय जीवशास्त्र असो, संख्याशास्त्र असो वा इतिहास, दार कोणालाही बंद नसते.

वहिनी, न्यू जर्सी :
ताई, तुमचे म्हणणे समजले, पण मनातली भीती जात नाही. आमच्या ओळखीतली सगळी मुले जीवशास्त्र किंवा न्यूरोसायन्स घेतात. चिऊने पदवी आणि वैद्यकीय शिक्षण मिळून आठ वर्षांच्या एकत्रित कार्यक्रमांसाठीही अर्ज केले होते आणि ते मिळाले नाहीत, तेव्हापासून आपण कुठेतरी मागे पडलो असे मला वाटते आहे. वेगळा विषय घेतला तर निवड समितीला ती गंभीर नाही, असे वाटणार नाही का?

ताई, क्लीव्हलँड :
वहिनी, ब्राउन विद्यापीठासारख्या ठिकाणच्या एकत्रित कार्यक्रमांत मोजक्याच जागा असतात. ते न मिळाल्याने कोणी मागे पडत नाही, कारण इथले बहुसंख्य डॉक्टर साध्या वाटेनेच येतात. निवड समितीबद्दलची भीती मी स्वतः पोसली होती, म्हणून ती मला चांगली ठाऊक आहे.

मी जीवशास्त्र निवडले ते इतर सगळे निवडत होते म्हणून. दुसऱ्या वर्षी एका सल्लागाराने मला एकाच सत्रात ऑर्गॅनिक केमिस्ट्री, भौतिकशास्त्र आणि जीवशास्त्राचे दोन वरचे अभ्यासक्रम घ्यायला लावले, आणि मीही विचारले नाही. ऑर्गॅनिकमध्ये सी मिळाला. मी तो विषय पुन्हा घेतला, ए मिळवला आणि जुना डाग पुसला गेला असे समजले. वैद्यकीय महाविद्यालयांचा सामाईक अर्ज भरताना कळले, की तिथे प्रत्येक प्रयत्नाचे गुण सरासरीत धरले जातात, आणि जीवशास्त्र, रसायन, भौतिकशास्त्र व गणित यांची सरासरी वेगळी काढून दाखवली जाते. पहिल्या वर्षी मला एकाही ठिकाणाहून मुलाखतीचे बोलावणे आले नाही. एक वर्ष थांबून, दवाखान्यात डॉक्टरांच्या नोंदी लिहिण्याचे काम करून, मी पुन्हा अर्ज केला आणि मग प्रवेश मिळाला.

आता काही वर्षे मी स्वतः वैद्यकीय प्रवेशाच्या मुलाखती घेते. आमच्यासमोर येणाऱ्या अर्जांत जीवशास्त्राच्याच मुलांची गर्दी असते; देशभरातही निम्म्याहून अधिक अर्जदार जीवशास्त्रांचेच असतात. अमेरिकन वैद्यकीय महाविद्यालयांची संघटना दरवर्षी विषयवार आकडे प्रसिद्ध करते. त्यांत मानव्यविद्या, भौतिकशास्त्रे आणि गणित-संख्याशास्त्र घेतलेल्यांना प्रवेश मिळण्याचे प्रमाण जीवशास्त्रवाल्यांपेक्षा कमी तर नाहीच, थोडे अधिक दिसते. मात्र यावरून संख्याशास्त्र घेतल्याने प्रवेश मिळतो, असा निष्कर्ष कोणी काढू नये. इतिहासाची पदवी घेताना जी मुले रसायनाच्या प्रयोगशाळेतही तग धरतात ती मुळातच नेटाने अभ्यास करणारी असतात, आणि आकड्यांत तेच उतरते. आपल्यापुरता अर्थ एवढाच, की वेगळा विषय घेतल्याने नुकसान होत नाही.

माई, पुणे :
ताईच्या म्हणण्याला मी दुजोरा देते. हॅरोल्ड वार्मस यांनी इंग्रजी साहित्याची पदवी घेतली होती, त्यातच हार्वर्डला एमए केले आणि नंतर कोलंबियातून ते डॉक्टर झाले. कर्करोगाच्या जनुकांवरील कामासाठी त्यांना १९८९ चे नोबेल विभागून मिळाले. आपल्या विदर्भातल्या कुटुंबातले अतुल गावंडे यांनी स्टॅनफर्डला जीवशास्त्राबरोबर राज्यशास्त्र घेतले आणि ऑक्सफर्डला जाऊन तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र व अर्थशास्त्र शिकल्यावर ते हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात गेले.

नानांच्या मनात कदाचित चिऊने इथे येऊन एमबीबीएस करावे असे असेल, म्हणून तेही सांगते. ती अमेरिकेची नागरिक आहे आणि ओसीआयधारक, म्हणजे भारतीय मूळ असलेल्या परदेशी नागरिकांचे कार्ड असलेली, आहे. भारत सरकारच्या ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनंतर अशा मुलांना नीट देऊन अनिवासी भारतीयांसाठी असलेल्या जागांवरच प्रवेश घेता येतो, आणि त्या जागांचे शुल्क फार जड असते. नंतर तिकडे परतायचे तर परवाना परीक्षा आणि रेसिडेन्सीची (पदवीनंतर रुग्णालयात घ्यायच्या प्रशिक्षणाची) जागा हा डोंगर पुन्हा उभा राहतोच.

ताई, क्लीव्हलँड :
माई बरोबर सांगते आहे. इथल्या एमडीच्या, म्हणजे इथल्या मूळ वैद्यकीय पदवीच्या, शेवटच्या वर्षातल्या मुलांपैकी सुमारे ९३ टक्क्यांना रेसिडेन्सीची जागा मिळते, तर परदेशातून वैद्यकीय पदवी घेऊन येणाऱ्यांचे प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास असते. ज्या मुलीला अमेरिकेतच राहायचे आहे तिला मी तो मार्ग सुचवणार नाही.

दादा, न्यू जर्सी :
ताई, तुझा स्वतःचा अनुभव मला माहीत नव्हता. तू सांगितलेस हे बरे केलेस. पण माझा मूळ मुद्दा राहतोच. अलीकडे दरवर्षी पन्नास हजारांहून अधिक मुले अर्ज करतात आणि सुमारे तेवीस हजारांना प्रवेश मिळतो, म्हणजे निम्म्याहून जास्त मुले बाहेर राहतात. बाप म्हणून मला त्या निम्म्यांचाही विचार करावा लागतो. इंजिनिअरिंग हा त्यावरचा उपाय नाही का?

ताई, क्लीव्हलँड :
दादा, तुझी काळजी योग्य आहे आणि प्रत्येक आईबापाने हा विचार करायलाच हवा. माझा आक्षेप उपायाला आहे. बायोमेडिकल इंजिनिअरिंगमध्ये सक्तीचे अभ्यासक्रम इतके असतात, की ऑर्गॅनिकचे दुसरे सत्र, बायोकेमिस्ट्री किंवा मानसशास्त्र यांना जागा करण्यासाठी दर सत्रात जादा भार घ्यावा लागतो. त्या शाखेत सरासरी गुण राखणे कठीण असते, आणि निवड समिती इंजिनिअरिंगच्या ३.४ ला संख्याशास्त्राच्या ३.८ च्या बरोबरीने मानेल, या भरवशावर मी तरी मुलीला पाठवणार नाही. प्रवेश मिळालेल्यांची सरासरी ४ पैकी ३.८ च्या जवळपास असते. शिवाय या शाखेत चांगल्या कामासाठी पुष्कळदा पुढे एमएस करावे लागते. ज्या मुलाला यंत्र बनवण्यात खरोखर रस आहे त्याने ती शाखा जरूर घ्यावी आणि नंतर डॉक्टरही व्हावे. असे उत्तम सहकारी माझ्याबरोबर काम करतात. पण चिऊने आजवर कोणते यंत्र उघडून पाहिले आहे? तिने शाळेच्या प्रकल्पात गावातल्या दम्याच्या रुग्णांच्या नोंदी आणि हवेच्या नोंदी जुळवून पाहिल्या होत्या, आणि तो तक्ता मला दाखवताना तिला जेवायचे भान राहिले नव्हते. आजच्या वैद्यकात संशोधनाचा कोणताही निबंध उघडला तरी संख्याशास्त्रावाचून तो नीट वाचता येत नाही, आणि डॉक्टर न झाल्यास औषध कंपन्यांपासून सार्वजनिक आरोग्यापर्यंत त्या पदवीला काम आहे.

एमकॅट या प्रवेश परीक्षेचाही विचार कर. ४७२ ते ५२८ या पट्टीवर गुण मिळतात आणि प्रवेश मिळालेल्यांची सरासरी ५११-५१२ असते. चार भागांपैकी एक भाग निव्वळ वाचन आणि तर्क यांचा आहे: दीड तासात ५३ प्रश्न, आणि उतारे इतिहास, कला, तत्त्वज्ञान अशा विषयांचे. २०१५ पासून मानसशास्त्र आणि समाजशास्त्राचाही एक भाग आला आहे. विज्ञानाचे ढीगभर अभ्यासक्रम घेणारी मुले त्या वाचनाच्या भागात अडखळतात, हे मी पाहिले आहे.

आता पैशाविषयी. वैद्यकीय शिक्षणासाठी पालक आणि मुले ज्या ग्रॅड प्लस या सरकारी कर्जावर विसंबून असत ते १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना बंद. त्यानंतर सरकारी कर्ज वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलरच्या मर्यादेतच मिळेल. अनेक ठिकाणी चार वर्षांचा खर्च यापेक्षा पुष्कळ जास्त होतो. म्हणून पदवीच्या टप्प्यावर राज्याच्या विद्यापीठात जो पैसा वाचेल तो जपून ठेव. तिला खरी गरज नंतर लागणार आहे.

बाळू, डॅलस :
मी सगळे वाचतो आहे. आमचा मुलगा दहावीत आहे आणि त्यालाही डॉक्टर व्हायचे आहे, पण आमचे ग्रीन कार्ड अजून रांगेतच आहे आणि तो एच-४ वर, म्हणजे माझ्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, आहे. त्याला हेच लागू पडते का?

ताई, क्लीव्हलँड :
बाळू, तुमच्या बाबतीत विषयाच्या आधी व्हिसाचा प्रश्न येतो. २१ व्या वर्षी एच-४ संपतो, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्याला एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जावे लागेल. कायम रहिवासी नसलेल्यांना अनेक वैद्यकीय महाविद्यालये घेतच नाहीत, आणि टेक्सासच्या सरकारी महाविद्यालयांत ९० टक्के जागा राज्याच्या रहिवाशांच्या असतात, तेव्हा तुमचे रहिवासी म्हणून स्थान काय ठरते हे आधी नीट समजून घ्या. त्याच्यासाठी मी विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीत बसणारीच पदवी सुचवेन, कारण त्यावर पदवीनंतर एकूण तीन वर्षे काम करता येते आणि तेवढी वर्षे वाट पाहायला मिळतात. चिऊला हे बंधन नाही. या विषयावर जाणकार वकिलाला आताच भेट; दोन वर्षे थांबू नकोस.

बाळू, डॅलस :
ठीक आहे, ताई. या आठवड्यातच भेटीची वेळ घेतो.

चिऊ :
नमस्कार नाना, नमस्कार सगळ्यांना. माझे मराठी लेखन आईने तपासले आहे. ताईआत्या, मला संख्याशास्त्र हवे आहे ते सोपे आहे म्हणून नाही. दम्याच्या प्रकल्पात मला कळले, की एकाच शाळेतली मुले रस्त्याच्या जवळ राहतात की लांब, यावर त्यांचे आजारपण बदलते. मला ते मोजताही यायला हवे आणि त्या मुलांना तपासताही यायला हवे. बाबांची काळजी मला समजते. मी पहिल्या सत्राचा आराखडा केला आहे: सामान्य रसायन आणि त्याची प्रयोगशाळा, कॅल्क्युलस, प्रास्ताविक संख्याशास्त्र आणि लेखनाचा अभ्यासक्रम. जीवशास्त्र दुसऱ्या वर्षी आणि ऑर्गॅनिक त्याच्याबरोबर घेऊ का, हे मला ठरवता येत नाही.

ताई, क्लीव्हलँड :
चिऊ, पहिल्या सत्राचा आराखडा चांगला आहे. जीवशास्त्र पहिल्याच वर्षाच्या दुसऱ्या सत्रात सुरू कर आणि ऑर्गॅनिक दुसऱ्या वर्षी घे, पण त्या वर्षी भौतिकशास्त्र घेऊ नकोस. ते तिसऱ्या वर्षी येऊ दे. त्यामुळे एमकॅट तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस किंवा पदवीनंतर द्यावी लागेल आणि मध्ये एक वर्ष जाईल. ते जाऊ दे. आता प्रवेश घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक मुले पदवीनंतर निदान एक वर्ष थांबलेली असतात. आणि पहिल्या उन्हाळ्यापासून दवाखान्यात किंवा रुग्णवाहिकेवर काही काम धर. आजारी माणसाजवळ रोज बसणे तुला झेपते आणि आवडते का, हे कोणत्याही वर्गात कळत नाही.

नाना, सातारा :
चिऊ, तुझे मराठी उत्तम आहे. दम्याचा तो तक्ता मलाही पाठव. मोठ्या अक्षरात छापून घेईन.

दादा, न्यू जर्सी :
माझे मन अजून पूर्ण वळलेले नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण कर्जाच्या मर्यादेचा हिशेब मी केला नव्हता आणि तो आज रात्री करतो. चिऊ, चारही वर्षांचा सत्रवार तक्ता तयार कर, दोन्ही विद्यापीठांचा शेजारी-शेजारी, आणि आपण तिघे रविवारी बसू. ताई, भारतीय वेळ बघायची गरज नाही, तू आपल्याच वेळेत आहेस. सकाळी दहाला तुला फोन लावला तर चालेल का?

ताई, क्लीव्हलँड :
रविवारी माझी रुग्णालयात पाळी आहे, पण ती दुपारी सुरू होते. दहाला लाव. तक्ता शनिवारी रात्री पाठवलास तर मी आधी वाचून ठेवीन.