नातवासाठी बेसबॉलची बॅट: ३२ इंच जास्त होते का?

लोकमान्यनगरचे आजोबा (इंदूर)
नमस्कार मंडळी. आमच्या घरात क्रिकेटशिवाय दुसरं काही नाही. होळकर संघाने चारदा रणजी जिंकली, हे वडिलांनी इतक्यांदा ऐकवलंय की चारही वर्षं झोपेतही सांगेन. आणि आता नातवाने, वय ११, शाळेत बेसबॉल घेतलाय! सर म्हणाले, स्वतःची बॅट आणा. दुकानदाराने लाकडी, काळ्या पॉलिशची, ३२ इंची काढून दिली. "काका, सगळे हीच नेतात." नंतर कळलं, सगळे ती गाडीत सीटखाली ठेवायला नेतात. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे तोलली तर ९८० ग्रॅम. पोरगा दोनदा बॅट फिरवतो, तिसऱ्यांदा बॅट त्याला फिरवते. सूनबाई म्हणतात, "राहू द्या बाबा, वाढतं अंग आहे, दोन वर्षं पुरेल."
उंची ४ फूट ७ इंच, वजन ३४ किलो. क्रिकेटच्या बॅटला ४, ५, ६, हॅरो असे नंबर असतात. ह्यात काय बघायचं?

बडोद्याची कॅचर
काका, वहिनींना सांगा, पँट दुमडता येते, बॅट नाही.
नातवाला हात बाजूला आडवा पसरायला सांगा. बॅटचा नॉब (मुठीखालचा गोळा) छातीच्या मधोमध टेकवायचा आणि बॅट हाताला लागून धरायची. बोटं टोकापर्यंत पोचली तर लांबी बरोबर. उंची-वजनाच्या तक्त्यात त्याला २९-३० येईल, हाताच्या मापाने बहुतेक २८. अशा वेळी आखूड घ्यावी असं माझं मत.
पण खरी गोम वजनात आहे. लांबी इंचात, वजन औंसात. दोन्हींतला फरक म्हणजे ड्रॉप. ह्या वयाला ड्रॉप १० ठीक, म्हणजे २८ इंचाला १८ औंस, साधारण ५१० ग्रॅम. तुमची ९८० ग्रॅम म्हणजे साडेचौतीस औंस. इंचांपेक्षा औंस जास्त! अमेरिकेतले धिप्पाड व्यावसायिकसुद्धा साधारण ३१-३२ औंसांची फिरवतात हो.
दुकानात त्याला एका हाताने बॅट आडवी धरून उभं करा. अर्ध्या मिनिटाच्या आत टोक खाली आलं तर परत ठेवा.
मी तेराव्या वर्षी ताईची ३३ इंची वापरायचे, सॉफ्टबॉलला. नेहमी उशीर. दोन वर्षं माझे फटके उजवीकडे फाउल, म्हणजे रेषेबाहेर. हलकी बॅट आली तरी हाताची सवय जाईना, ती जायला आणखी एक सीझन गेला.

जर्सीवाला इंदुरी
ताईंनी सगळं सांगितलंय, एकच भर. काही दुकानं सॉफ्टबॉलची बॅट बेसबॉलची म्हणून गळ्यात मारतात. तिचा जाड भाग सव्वादोन इंचांचा असतो आणि ती टणक बेसबॉलसाठी नसते, अ‍ॅल्युमिनियमला पोचे येतात. बॅटवर काय लिहिलंय ते वाचून घ्या. इथे अमेरिकेत लिटल लीगमध्ये (मुलांच्या बेसबॉल स्पर्धांत) २०१८पासून 'यूएसए बेसबॉल'चा शिक्का लागतो. शाळेच्या सामन्यांना काय चालतं ते सरांनाच विचारा, नाहीतर कोणीतरी भावाकडून महागडी मागवाल आणि ती नुसती पडून राहील.
बाकी सराफ्यात कोणी जाणार असेल तर माझ्या नावाने एक भुट्ट्याचा कीस खा.

लोकमान्यनगरचे आजोबा (इंदूर)
मापून बघितलं. बॅट बोटांच्या पुढे चांगली साडेचार इंच बाहेर! आडवी धरून अकरा सेकंद टिकला, तेही दात-ओठ खात. सूनबाईंनी स्वतः धरून पाहिली आणि काही न बोलता आत गेल्या. दुकानदार परत घेत नाही, पॉलिशवर ओरखडा आलाय म्हणे. शनिवारी सरांकडच्या २८ आणि २९ दोन्ही फिरवून बघणार.
एक राहिलं. सर म्हणतात, ग्लव्ह डाव्या हाताचा आणा. पोरगा तर उजव्या हाताने फेकतो. काही घोळ नाही ना?

बडोद्याची कॅचर
घोळ नाही काका. फेकायचा हात मोकळाच हवा.