बाबांच्या लॅपटॉपवर 'कॉम्प्युटर लॉक झाला आहे, या नंबरवर फोन करा' असं आलं. खरंच व्हायरस असतो का?

कोथरूडची_लेक (शनिवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. दुपारपासून आमच्या घरात कोणी धड बोललेलं नाही, म्हणून इथे विचारतेय.

बाबा ७४ वर्षांचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. लॅपटॉप ते स्वतःच वापरतात. पेन्शनचं खातं बघणं, वीजबिल भरणं, नातवाशी बोलणं, सगळं. आज आईला मोठ्या अक्षरातलं अथर्वशीर्ष हवं होतं, चष्म्याशिवाय वाचता येईल असं. बाबांनी शोधलं, एका साइटवर हिरवं 'डाउनलोड' बटण दिसलं, ते दाबलं आणि अख्खा स्क्रीन निळा झाला. वर विंडोजच्या चार चौकटी, मधे लाल अक्षरं, कर्कश बीप आणि एक बाई इंग्रजीत सांगतेय की कॉम्प्युटर लॉक केला आहे, बंद करू नका, बँकेचे पासवर्ड चोरीला जात आहेत, ताबडतोब या नंबरवर फोन करा. माउसचा बाणही गायब. खाली आमचा आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक), 'पुणे, महाराष्ट्र' आणि आमच्या इंटरनेट कंपनीचं नाव. बाबांचा विश्वास बसला तो या ओळीमुळे. "त्यांना आपलं गाव माहिती आहे गं," असं मला फोनवर म्हणाले, तेव्हा आवाज कापत होता. बाबांचा आवाज कापताना मी कधी ऐकला नव्हता.

त्यांनी आधी भिंतीवरचं बटण बंद केलं. लॅपटॉपला बॅटरी, त्यामुळे बाई बोलतच राहिली. मग लँडलाइनवरून तो नंबर फिरवला, तीन वेळा. +१ ने सुरू होणारा परदेशी नंबर होता आणि आमच्या लँडलाइनला आयएसडी नाही, म्हणून लागला नाही. शेवटी झाकण मिटून लॅपटॉप टॉवेलमध्ये गुंडाळून कपाटावर ठेवला. मी हडपसरहून पोचले तेव्हा तो तिथेच होता आणि बाबा न जेवता बसले होते.

एका दुकानात विचारलं. फॉरमॅटचे, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाकायचे १८०० आणि अँटिव्हायरस वेगळा, असं सांगितलं. त्यात बाबांनी स्कॅन करून ठेवलेले जुने फोटो आहेत, आजी-आजोबांचे, धरणावरच्या वसाहतीतले. फॉरमॅट करावंच लागेल का? बँकेचं खातं धोक्यात आहे का? आणि झाकण उघडलं की ते पुन्हा सुरू होईल, त्याचं काय करू?

---

तपकीर_गल्ली (रात्री १०:०५)

ताई, आधी बाबांना जेवायला वाढा. काही झालेलं नाही.

बुधवार पेठेत १९ वर्षं दुरुस्तीचं काम करतोय. असा लॅपटॉप महिन्यातून दोन-चारदा तरी समोर येतो, आणि आणणारा माणूस प्रत्येक वेळी असाच घाबरलेला असतो. बाबांनी जे पाहिलं ते फक्त एक वेबपेज आहे. पान पूर्ण स्क्रीनभर पसरवलं, बाण लपवला, आवाजाची फाइल लावली, झालं. ब्राउझरमधल्या (साइट उघडायच्या क्रोमसारख्या प्रोग्रॅममधल्या) पानाला तुमच्या हार्ड डिस्कवर जाऊन व्हायरस मोजता येत नाहीत, ब्राउझर त्याला तिथे शिरूच देत नाही. तो 'स्कॅन' चालू असल्याचा देखावा आधीच करून ठेवलेला असतो, माझ्या कॉम्प्युटरवर उघडला तरी तेवढेच व्हायरस 'सापडतील'.

गावाचं नाव कसं कळलं? आपण उघडतो त्या प्रत्येक साइटला आपला आयपी पत्ता कळतोच, त्याशिवाय पान आपल्यापर्यंत येणारच नाही. त्यावरून इंटरनेट कंपनी आणि साधारण शहर काढता येतं. हवामानाची साइट न विचारता पुण्याचं तापमान दाखवते, ती यावरूनच. घरचा पत्ता, नाव, पासवर्ड यातलं काही त्यातून मिळत नाही. हे बाबांना नीट समजावून सांगा, कारण त्यांची भीती त्या ओळीत अडकली आहे.

आता झाकण उघडा. पान समोर आलं तर एस्केप हे बटण दोन-तीन सेकंद दाबून धरा. नुसतं टिचकी मारून चालत नाही, ही पानं ती टिचकी अडवतात. दाबून धरलं की स्क्रीन लहान होतो आणि टॅब बंद करता येतो. नाहीच झालं तर कंट्रोल, ऑल्ट, डिलीट एकदम दाबा. ही तीन बटणं कुठलंही वेबपेज अडवू शकत नाही, ती थेट विंडोजकडे जातात. टास्क मॅनेजर उघडा, यादीत ब्राउझर निवडा आणि 'एंड टास्क' करा. ब्राउझर पुन्हा उघडल्यावर 'आधीची पानं परत उघडू का' असं विचारेल, तिथे नाही म्हणा. बहुतेकजण इथे चुकतात, हो म्हणतात आणि तीच बाई परत बोलायला लागते.

त्यानंतर डाउनलोड्सचा फोल्डर बघा. आजच्या तारखेची, शेवटी ईएक्सई लिहिलेली, म्हणजे प्रोग्रॅमची फाइल असेल तर न उघडता काढून टाका. मग विंडोज सिक्युरिटीत 'स्कॅन ऑप्शन्स'मध्ये जाऊन डिफेंडरचा (विंडोजमधल्याच अँटिव्हायरसचा) ऑफलाइन स्कॅन चालवा. लॅपटॉप रीस्टार्ट होईल, साधारण १५ मिनिटं लागतील. स्कॅन स्वच्छ आला आणि बाबांनी काही इन्स्टॉल केलेलं नसेल, तर फॉरमॅट कशाला? ते १८०० रुपये एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कच्या कामी लावा आणि फोटोंची दुसरी प्रत करून ठेवा. ते फोटो एकाच लॅपटॉपवर असणं, मला विचाराल तर, आजच्या प्रकारापेक्षा जास्त काळजीचं आहे.

आणि ओळखायचं कसं? मायक्रोसॉफ्टने स्वतःच सांगून ठेवलं आहे की त्यांच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. नंबर दिसला की ते खोटं, पुढचं वाचायचीसुद्धा गरज नाही. लॅपटॉप विंडोज १० चा असेल तर 'सपोर्ट संपला' असा निरोप येत असेल, तो मात्र खरा आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पण त्यातही 'फोन करा' असं काही नसतं.

---

निवृत्त_बँकवाली (रात्री १०:५०)

अगं, आयएसडी नव्हतं हे देवाचे उपकार समज. फोन लागला असता तर पुढे काय होतं ते मी सांगते, कारण आमच्या इमारतीतल्या एका काकांचं सगळं मी शेजारी बसून निस्तरलं आहे.

पलीकडचा माणूस अतिशय गोड बोलतो. 'सर, घाबरू नका' म्हणतो आणि एनीडेस्कसारखं ॲप टाकायला लावतो. त्यावरचा नऊ-दहा आकडी कोड त्याला सांगितला आणि परवानगी दिली, की तुमचा स्क्रीन त्याच्या हातात. ॲप मुळात चांगल्या कामासाठी आहे, पण त्याचा असा गैरवापर होतो म्हणून रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं. मग तो विंडोजचं 'इव्हेंट व्ह्यूअर', म्हणजे कॉम्प्युटरची नोंदवही उघडतो. त्यात धडधाकट कॉम्प्युटरवरही लाल-पिवळ्या खुणांच्या नोंदी असतातच. तो म्हणतो, 'बघा, हे सगळे व्हायरस.' काकांनी ते बघूनच पैसे भरले. दोन दिवसांनी 'सेवा बंद करतोय, पैसे परत देतो' म्हणून फोन आला, नेटबँकिंग उघडायला लावलं आणि पानावरचे आकडे बदलून 'चुकून जास्त जमा झाले, उरलेले परत पाठवा' म्हणाला. ब्राउझरमध्ये पानावरचा आकडा बदलणं दोन मिनिटांचं काम आहे, खात्यात काहीही आलेलं नसतं.

काकांनी हे घरी आठ दिवस सांगितलं नाही. 'मुलगा ओरडेल' म्हणून. मला सगळ्यात जास्त त्याचं वाईट वाटतं, कारण तेच आठ दिवस महत्त्वाचे होते. पैसे गेल्याचं कळताच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करायचा, किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार करायची. लगेच कळवलं तर पैसे पुढे सरकण्याआधी मधल्या खात्यातच अडवता येण्याची शक्यता असते. बँकेलाही त्याच मिनिटाला कळवायचं. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाने स्वतःच पासवर्ड वगैरे सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे एकेक तास मोजून जातो.

बाबांचं कोणाशी बोलणं झालेलं नाही, त्यांनी काही टाइप केलेलं नाही, त्यामुळे खातं सुरक्षित आहे. मनाच्या समाधानासाठी पासवर्ड बदलायचा असेल तर बदला, पण स्कॅन झाल्यावर. आणि त्यांना रागावू नकोस बाळ.

---

हिंजवडी_फेज_२ (रविवार, सकाळी ८:१५)

एक भर. त्या साइटने 'मी रोबॉट नाही हे दाखवण्यासाठी अलाउ दाबा' असं विचारलं होतं का, ते बाबांना विचारा. दाबलं असेल तर पान बंद केल्यावरही कोपऱ्यात 'व्हायरस सापडले' अशी चौकट येत राहते. तोही व्हायरस नसतो, त्या साइटला दिलेली नोटिफिकेशनची परवानगी असते. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स असं जा आणि अनोळखी नावं काढून टाका. फोनवर तीच चौकट बोटाने दाबून धरली की बंद करायचा पर्याय येतो.

हे लोक जास्त करून अमेरिकेतल्या वृद्धांना गाठतात, म्हणून +१ चा नंबर. पण फोन उचलणारे कुठे बसलेले असतात ते आपल्याला माहीत आहे. २०१६ मध्ये मीरा रोडला अमेरिकन लोकांना करवसुलीच्या नावाने धमकावणारी कॉल सेंटर्स पकडली गेली, आणि आपल्या पुण्यातही असे छापे पडले आहेत. माझ्या बरोबरीची शिकलेली मुलं तिथे नोकरी म्हणून हे करतात याचा मला मनापासून त्रास होतो.

---

कोथरूडची_लेक (रविवार, सायंकाळी ६:३०)

सगळ्यांचे आभार, झालं.

झाकण उघडलं तर बाई बोलायला लागलीच. मी हात लावला नाही, बाबांनाच एस्केप दाबून धरायला सांगितलं. स्क्रीन लहान झाला, वर ब्राउझरची पट्टी दिसली, त्यात त्या साइटचा विचित्र पत्ता. तो बघून बाबा म्हणाले, "म्हणजे हे नुसतं पान आहे?" त्यांनी स्वतः टॅब बंद केला. 'अलाउ' दाबलं होतं, दोन अनोळखी नावं निघाली, काढली. डाउनलोड्समध्ये काही नव्हतं. ऑफलाइन स्कॅन स्वच्छ. हार्ड डिस्क उद्या तपकीर गल्लीतूनच घेणार आहे.

बँकवाल्या काकू, तुमचं उत्तर बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी मग सांगितलं की नंबर तीनदा नाही, सहादा फिरवला होता. शेवटी आईचा मोबाइलही घेतला होता, आईने दिला नाही. १९३० त्यांनी लँडलाइनशेजारच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे.

त्यांचा एक प्रश्न आहे. अथर्वशीर्ष शोधणारे निम्मे लोक त्यांच्याच वयाचे असणार, तर त्या साइटची तक्रार कुठे करायची?

---

तपकीर_गल्ली (सायंकाळी ७:१०)

साइटचा पत्ता ब्राउझरच्या हिस्ट्रीत मिळेल, तिथून फक्त कॉपी करा, उघडू नका. गूगलच्या सेफ ब्राउझिंगचा तक्रार करायचा फॉर्म आहे, त्यात पत्ता टाका. तो खोटा ठरला की क्रोम आणि फायरफॉक्समध्ये त्या साइटआधी लाल पान येतं. १९३० च्या त्याच सरकारी पोर्टलवर संशयित साइट कळवायचीही सोय आहे, तिथेही टाका. आणि हार्ड डिस्क घ्यायला याल तेव्हा बाबांनाही घेऊन या.