मदत हवी आहे: थंडीतल्या कॅम्पसाठी स्लीपिंग बॅग कोणती घ्यावी? (जरा लवकर सांगा)

कोजागरी | २४ नोव्हेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. सरळ मुद्द्यावर येते. चार स्लीपिंग बॅगा आणि एक तंबू घ्यायचा आहे. गेल्या डिसेंबरात आमची रात्र फार वाईट गेली. तीननंतर कोणीच झोपलं नाही, लेकीला दुसऱ्या दिवशी ताप भरला, बाबांचे गुडघे इतके आखडले की सकाळी त्यांना दोघांनी धरून उठवावं लागलं. वर तंबूही गळका निघाला, पाऊस नसताना आतून पाणी टपकत होतं. सगळं मिळून दहा हजार बजेट आहे. १३ तारखेच्या शनिवारी निघायचंय, त्यामुळे मागवायला वेळ कमी आहे. नाशिकमध्ये दुकानात मिळेल असं सुचवलंत तर उत्तम. कृपया नेमकं नाव सांगा.

सह्यवेडा | २४ नोव्हेंबर, रात्री ११:०५

कुठे जाताय? किती जण, वयं काय? तंबू एकपदरी की वरून वेगळं आवरण असलेला? लावला कुठे होता? खाली काय अंथरलं होतं? हे कळल्याशिवाय नाव सांगणं म्हणजे पेशंट न बघता गोळी देणं.

इंदिरानगर_वासी | २५ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

ताई, एवढा खटाटोप कशाला? धरणाच्या काठाला तयार कॅम्प असतात. तंबू, गाद्या, जेवण, शेकोटी सगळं आयतं मिळतं. आम्ही दरवर्षी ऑफिसच्या ग्रुपबरोबर जातो. वडीलधाऱ्यांना घेऊन जायचं तर तेच बरं.

कोजागरी | २५ नोव्हेंबर, दुपारी १:२०

जागेचा आणि स्लीपिंग बॅगचा काय संबंध ते कळलं नाही, पण सांगते. भंडारदरा. चौघं: मी, नवरा, लेक सहा वर्षांची, बाबा ७१.

तयार कॅम्प नको. एकदा गेलो होतो, रात्री दीडपर्यंत स्पीकर सुरू होता आणि दिव्यांच्या माळांमुळे आकाश दिसलंच नाही. आमच्या घरात डिसेंबरची एक रात्र उघड्यावर काढायची हे मी शाळेत असल्यापासून चालत आलंय. बाबा मला आणि भावाला एसटीने न्यायचे. तंबू वगैरे काही नव्हतं. २००१ साली नोव्हेंबरातच नेलं होतं, सिंहेचा मोठा उल्कावर्षाव झाला तेव्हा. आंजनेरीच्या पठारावर सतरंजीवर पडून मी उल्का मोजत होते, शंभराच्या पुढे मोजणं सोडून दिलं. बाबा रात्रभर जागे होते, दर थोड्या वेळाने आमची पांघरुणं सारखी करायचे. आता ते म्हणतात, गुडघा आहे तोवर नातीला मृग आणि व्याध दाखवायचेत. गेल्या वर्षी त्यांना नीट बघताही आलं नाही, थंडीने दात वाजत होते. म्हणून या वर्षी चूक करायची नाहीये. आता कृपया बॅगचं सांगा.

बागलाणी | २५ नोव्हेंबर, दुपारी २:००

भंडारदऱ्याला आता नुसती गर्दी असते. साल्हेरला या. १५६७ मीटर, कळसूबाईच्या खालोखाल राज्यात नंबर. वर गुहा आहेत, गंगासागर तलाव आहे, तंबूची गरजच नाही. गुहेत वारा लागत नाही. आम्ही मित्र पंधरा वर्षं जातोय. तिथलं आकाश पाहिलंत की भंडारदरा विसराल.

सह्यवेडा | २५ नोव्हेंबर, दुपारी २:३०

बागलाणी, प्रतिसाद वाचलात का? ७१ वर्षांचे गृहस्थ, गुडघे दुखतात, बरोबर सहा वर्षांची मुलगी. त्यांना साल्हेर चढवणार? आणि मुक्कामाचं सामान कोण वाहणार?

बागलाणी | २५ नोव्हेंबर, दुपारी २:५०

आमच्या गावातले सत्तरीचे लोक आजही चढतात. वय डोक्यात असतं.

सह्यवेडा | २५ नोव्हेंबर, दुपारी ३:०५

गावातल्या माणसाचे पाय रोज चढतात. हा वाद इथे नको. आंजनेरीचंही सांगून ठेवतो, ते आता संवर्धन राखीव क्षेत्र आहे, जुन्या आठवणीवर विसंबून तिथे मुक्कामाला जाऊ नका. कोजागरी, माझे दोन प्रश्न अजून बाकी आहेत. तंबू कुठे लावला होता आणि खाली काय होतं?

मखमलाबाद | २५ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:१०

सोप्पा उपाय. झोपायच्या आधी कोळशाची छोटी शेगडी पेटवून तंबूत ठेवा, दार लावून घ्या. अर्ध्या तासात तंबू भट्टीसारखा होतो. आमचे आजोबा शेतातल्या खोपीत असंच करायचे.

रात्रपाळी | २५ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:२५

कोणीही हे करू नका. मी परिचारिका आहे. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते आणि माणूस त्या झोपेतून उठत नाही. विझत आलेले निखारेही तितकेच धोक्याचे. गॅसचा स्टोव्हही तंबूत पेटवायचा नाही. दर हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून माणसं दगावल्याच्या बातम्या येतात, त्यात लहान मुलं असतात. आजोबांच्या खोपीला कुडाच्या भिंती होत्या, फटींतून वारा खेळत होता. आताचे तंबू प्लास्टिकच्या कापडाचे आहेत.

मखमलाबाद | २५ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:००

हे माहीत नव्हतं. सल्ला मागे घेतो. ताई, शेगडी नेऊ नका.

खाऊगल्ली | २५ नोव्हेंबर, रात्री ८:१५

घोटीवरून बारीमार्गे शेंडीला, म्हणजे भंडारदऱ्याला जाणार असाल तर निघतानाच नाशकात मिसळ खाऊन घ्या. काळ्या मसाल्याची, वर पापड, शेवटी दही. पुढे तशी चव नाही.

द्राक्षबाग_निफाड | २५ नोव्हेंबर, रात्री ९:३०

आमच्याकडे पारा चार-पाच अंशांवर आला की पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो आणि ठिबक चालू ठेवतो, विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं म्हणून. नाहीतर मण्यांना तडे जातात. पण एकाच बागेत सगळीकडे सारखा गारठा नसतो. ओढ्याच्या अंगाच्या खालच्या ओळींना आधी बसतो. वरच्या बांधावर उभं राहिलं तर साधं स्वेटर पुरतं आणि पन्नास पावलं खाली उतरलं की कान दुखायला लागतात. गार हवा जड असते. रात्री वारा पडला की ती पाण्यासारखी उताराने वाहत जाते आणि खोलगटात साचते.

तुमचा तंबू पाण्याच्या काठाला होता का?

कोजागरी | २६ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

हो. अगदी काठाला. सकाळी उठल्या उठल्या पाणी दिसावं म्हणून. आणि लेकीला वारा लागू नये म्हणून दारं, खिडक्या सगळं घट्ट बंद केलं होतं. वरचं आवरणही खालपर्यंत ओढून दगड ठेवले होते. बॅटरी लावली तर छतावर मोत्यांसारखे थेंब लटकत होते, हात लागला की ओळीने खाली. लेकीचे मोजे सकाळी पिळावे लागले.

सह्यवेडा | २६ नोव्हेंबर, सकाळी ९:००

तुमचा तंबू धडधाकट आहे, बदलू नका. एक माणूस रात्रभरात श्वासातून पेलाभर तरी पाणी बाहेर टाकतो. चार माणसं, दारं बंद, बाहेर गार कापड. पावसाळ्यात थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून पाणी सुटतं ना, तेच. खिडक्या वरच्या बाजूने चार बोटं उघड्या ठेवा आणि आवरण तंबूच्या कापडाला चिकटू न देता ताणून बांधा. आत थोडी थंडी वाढेल, पण अंथरूण कोरडं राहील. ओलं पांघरूण ऊब धरत नाही.

आता शेवटचा प्रश्न. खाली काय होतं?

कोजागरी | २६ नोव्हेंबर, सकाळी ९:२०

सतरंजी. तिच्यावर चादर. गोधड्या सगळ्या अंगावर घेतल्या होत्या, प्रत्येकी दोन.

पाटाखालची_वाकळ | २६ नोव्हेंबर, सकाळी १०:४५

अगं, इथेच तर गेलं सगळं! गोधड्या खाली घालायच्या. माझी आई म्हणायची, थंडी आभाळातून पडत नाही, भुईतून वर येते. आम्ही खळ्यात झोपायचो तेव्हा अंगाखाली दोन वाकळी आणि अंगावर एक. जुन्या नऊवाऱ्यांच्या सात-आठ थरांच्या असायच्या. तू दहा हजार कशाला घालवतेस?

सह्यवेडा | २६ नोव्हेंबर, सकाळी ११:१०

आईंचं म्हणणं पटलं, पण नुसत्या वाकळीवर विसंबू नका. सुती कापड भुईची ओल ओढतं आणि अंगाच्या वजनाने दबतं. दबलं की त्यातली हवा जाते, आणि ऊब त्या अडकलेल्या हवेची असते. स्लीपिंग बॅगचंही तेच, पाठीखालचा भाग दबून कागद होतो. म्हणून महागडी बॅग घेऊनही सतरंजीवर झोपलात तर पाठ गारच पडेल. आधी फोमची मॅट, मग वाकळ.

बॅग घ्यायचीच तर लेबल नीट वाचा. दोन आकडे महत्त्वाचे, एक आरामाचा (comfort) आणि एक मर्यादेचा (limit). मोठ्या अक्षरात बऱ्याचदा दुसरा छापतात. त्या तापमानाला सुदृढ पुरुष अंग चोरून कशीबशी झोप काढू शकतो, एवढाच त्याचा अर्थ. वडिलांसाठी आणि मुलीसाठी आरामाचाच आकडा बघा.

पाटाखालची_वाकळ | २६ नोव्हेंबर, सकाळी ११:३०

फोम काल आला. आमच्या चार पिढ्या वाकळीवरच झोपल्या.

सह्यवेडा | २६ नोव्हेंबर, सकाळी ११:४०

खळं शेणाने सारवलेलं, कोरडं असायचं. धरणाचा काठ कायम ओला.

रात्रपाळी | २६ नोव्हेंबर, दुपारी ४:००

बाबांसाठी दोन गोष्टी. एक, जमिनीवर झोपवू नका, गुडघ्यांना खालून उठणं फार जड जातं. फोल्डिंग कॉट न्या. पण कॉटच्या खालून गार हवा फिरते, त्यामुळे तिच्यावरही फोम आणि वाकळ हवीच. दुसरं, रात्री उठावं लागू नये म्हणून वयस्कर माणसं संध्याकाळपासून पाणी पीतच नाहीत. ते बरं नव्हे. बॅटरी उशाशी द्या, वाट आधी दाखवून ठेवा आणि कोणीतरी सोबत उठा. बीपीच्या गोळ्या असतील तर चुकवू नका.

अकोलेकर | २६ नोव्हेंबर, रात्री ९:५०

आमचाच भाग म्हणून लिहितो. काठ सोडा. रतनवाडीच्या बाजूला गावाजवळ, जरा उंचावर, कोणाच्या तरी मोकळ्या खाचरात जागा मागा. डिसेंबरात भात निघालेला असतो. रानात परस्पर तंबू ठोकू नका, तो अभयारण्याचा भाग आहे. घरमालकाला विचारून राहिलात तर रात्री अडीअडचणीला माणूस असतं, भाकरी-पिठलं मिळतं आणि त्यांनाही चार पैसे होतात.

आणि तंबूखाली भाताचा पेंढा टाका. वीतभर जाडीचा. त्यावर प्लास्टिक, त्यावर तंबू. तुमच्या फोमची आणि वाकळीची भांडणं मिटतील. फक्त शेकोटी पेंढ्यापासून लांब आणि वारा जिकडे जातो त्या बाजूला.

बागलाणी | २७ नोव्हेंबर, सकाळी ८:००

पेंढ्याचं एक नंबर. ताई, बाबांना खरंच चढायचं नसेल तर हातगड बघा, सापुताऱ्याच्या अलीकडे, गाडी बरीच वर जाते. पण साल्हेर एकदा कराच.

द्राक्षबाग_निफाड | २७ नोव्हेंबर, सकाळी ८:२०

१३ तारीख मुद्दाम धरलीय का? १३-१४च्या रात्री मिथुनेचा उल्कावर्षाव ऐन भरात असतो. हा धूमकेतूचा नसून फेथॉन नावाच्या लघुग्रहाच्या धुळीचा आहे. नऊ-दहापासूनच दिसायला लागतात, मुलीला पहाटेपर्यंत जागवायची गरज नाही.

कोजागरी | २७ नोव्हेंबर, सकाळी ८:४५

बाबांनी धरलीय तारीख. कॅलेंडरवर गोल केलाय त्यांनी जूनमध्ये.

कोजागरी | ३० नोव्हेंबर, सकाळी ९:१५

काल रात्री गच्चीवर करून बघितलं. जुनाच तंबू. पेंढा नव्हता, म्हणून फोमच्या तीन मॅट आणल्या, वर आईच्या हातच्या वाकळी. बाबांना कॉट. नवऱ्याने हट्टाने एका कडेला गेल्या वर्षीसारखं सतरंजीवर झोपून बघितलं, त्याला फरक कळायला हवा होता. अडीचला तो उठून आमच्यात आला. पहाटे चारला मी वाकळीखाली हात घातला, फरशी गारढोण होती आणि फोमची वरची बाजू कोमट. खिडक्या चार बोटं उघड्या ठेवल्या होत्या. छतावर एका कोपऱ्यात थोडासा ओलावा, बाकी कोरडं.

बाबा सकाळी स्वतःहून उठून बसले. रात्री रस्त्याचे दिवे असूनही त्यांनी लेकीला मृगाच्या पोटातला बाण दाखवला, त्या तीन चांदण्यांच्या रेषेत खाली व्याध. ती आता विचारतेय की बाण लागला तर मृग अजून पळतो कसा. त्याचं उत्तर ते १३ तारखेला देणार आहेत म्हणे.

तंबू घेत नाही. स्लीपिंग बॅग एकच घेतेय, लेकीसाठी, आरामाचा आकडा बघून. अकोलेकर, रतनवाडीत भावाच्या ओळखीचं एक घर आहे, त्यांच्याशी फोनवर बोलणं झालं. पेंढा देतो म्हणाले, वरून विचारलं की भाकरी बाजरीची की नागलीची. सह्यवेडा, पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं असतं तर तुमचे दोन दिवस वाचले असते, त्याबद्दल माफ करा. रात्रपाळी, कॉटचं तुम्ही सुचवलंत, बाबांनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय.

खाऊगल्ली | ३० नोव्हेंबर, सकाळी ९:४०

नागलीची सांगा. सोबत हिरव्या मिरचीचा ठेचा मागून घ्या.