कलमं पाठ करण्याआधी निकाल वाचायला शिकवा

कायद्याच्या पहिल्या वर्षाच्या मुलांकडून आधी कलमं पाठ करून घ्यावीत, असं काही जण सुचवतात. मला हे अजिबात पटत नाही. १ जुलै २०२४ला जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि खुनाच्या शिक्षेचं कलम ३०२ एका रात्रीत १०३ झालं. त्याआधीच्या गुन्ह्यांना मात्र आजही ३०२च लागतं. नुसतं पाठांतर इथे काय कामाचं?

आधी न्यायालयांची उतरंड समजू दे. पुण्यातल्या शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयावर मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय बंधनकारक असतो. दिल्ली उच्च न्यायालयाचा दाखला देता येतो, पण तो बांधत नाही. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा राज्यघटनेच्या अनुच्छेद १४१मुळे सगळ्या न्यायालयांवर बंधनकारक.

मग एखादा छोटा निकाल घ्या आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वर्गात वाचा. सुरुवातीची हेडनोट, म्हणजे निकालाचा सारांश, संपादकाने लिहिलेली असते, ती निकालाचा भाग नाही. मुलं नेमकी तीच वहीत उतरवतात. निकालाचा दाखला, म्हणजे तो कुठे छापलाय याचा संदर्भ, तोही उलगडून दाखवा. 'एआयआर १९७३ एससी १४६१' म्हणजे ऑल इंडिया रिपोर्टर, वर्ष, सर्वोच्च न्यायालय आणि पान. हा राज्यघटनेच्या मूलभूत चौकटीबद्दलचा केशवानंद भारती खटला, १३ न्यायमूर्तींचा, ७ विरुद्ध ६. (तो फार लांबलचक आहे, पूर्ण वाचायला मात्र इतक्यात देऊ नका.)

लिहिताना तथ्यं आणि मत वेगळं ठेवायला सांगा, बाकी हळूहळू जमतं. मराठी माध्यमातल्या मुलांसाठी ई-एससीआर या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांच्या संकेतस्थळावर बऱ्याच निकालांचे मराठी अनुवाद मोफत आहेत. समजून घ्यायला ते वापरावेत, उद्धृत मात्र मूळ इंग्रजी निकालातूनच करावं.