स्वित्झर्लंडमधल्या घड्याळांच्या दुकानात बाबांना न्यायचंय, माहिती हवी आहे

नमस्कार मंडळी,

मे महिन्यात आईबाबांना घेऊन टूरबरोबर स्वित्झर्लंडला जातोय. ल्युसर्नला दोन तास मोकळे मिळणार आहेत. तिथे तळ्याकाठी श्वानेनप्लाट्झ चौकात मोठमोठी घड्याळांची दुकानं आहेत, त्याबद्दल विचारायचं आहे.

बाबांनी सांगलीत ३८ वर्षं घड्याळ दुरुस्ती केली. चावीची फेव्हर ल्युबा तर त्यांच्या हाताखालून किती गेली, मोजदाद नाही. ही कंपनी १७३७ साली स्वित्झर्लंडमधल्या ल लोक्ल गावात सुरू झाली आणि १८६५ पासून मुंबईत होती, म्हणून आपल्याकडे ती एवढी घरोघर. मागचं झाकण उघडलं की मला जवळ बोलवायचे आणि डोळ्याला भिंग लावून बॅलन्स व्हील, म्हणजे घड्याळाची गती राखणारं मागेपुढे फिरणारं चाक, दाखवायचे. तिथली नवी मशीन त्यांना एकदा हातात घेऊन बघता यावीत, एवढीच माझी इच्छा आहे.

महागडं घड्याळ घेणं आम्हाला शक्य नाही. फार तर ५०० फ्रँकपर्यंतचं एखादं साधं, पण चावीचं किंवा ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीने आपोआप चावी बसणारं) घेऊ. दोन वर्षांपूर्वी मुंबईत एका शोरूममध्ये विक्रेत्याने घड्याळ बाहेर काढायच्या आधीच किंमत ऐकवली. बाबा काही न बोलता बाहेर आले. तसं पुन्हा व्हायला नको आहे. तिथे आधीच "बघायला आलोय" असं सांगितलं तर चालतं का? आधी ईमेल करून वेळ घ्यावी का? मागे काच असलेली घड्याळं बाबांना स्वतःच्या भिंगातून बघू देतील का?

शेवटच्या दिवशी झुरिकला आहोत, विमान रात्रीचं आहे. बानहोफस्ट्रास या रस्त्यावर बायर हे १७६० पासूनचं दुकान आहे, तळघरात जुन्या घड्याळांचं संग्रहालय आहे. कोणी गेलंय का? निवांत बघायला किती वेळ लागतो?

खरेदी झालीच तर कराचंही विचारतो. एकाच दुकानात ३०० फ्रँकच्या वर खरेदी असेल तर ८.१ टक्के व्हॅट परत मागता येतो, हे माहीत आहे. पण झुरिक विमानतळावर फॉर्मवर शिक्का घ्यायला रांग किती असते? बॅगा चेक-इन करायच्या आधी जायचं ना? मुंबईच्या कस्टमला पावती दाखवून जे भरायचं ते भरणारच आहे.

आईचे गुडघे दुखतात, फार वेळ उभं राहवत नाही. दुकानात बसायची सोय असते का, तेही कुणी सांगितलं तर बरं होईल.