थंडीपेक्षा ओलावा जड जातो
सिसिलीच्या दक्षिण किनाऱ्यावर हिवाळा सौम्य असतो, त्यामुळे तेव्हा शिडाच्या बोटीत राहताना उबेसाठी गॅसची छोटी शेगडी पुरेशी आहे, असे काही जण म्हणतात. हवामानाबद्दलचे मत मान्य आहे, शेगडीबद्दलचे नाही. बंद केबिनमध्ये खरा त्रास ओलाव्याचा होतो आणि धुराड्याविना जळणारी शेगडी तो वाढवतेच, कारण एक किलो ब्यूटेन किंवा प्रोपेन जळल्यावर दीड किलोहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने हवेत मिसळते. ही वाफ, स्वयंपाकाची वाफ आणि माणसांचा श्वास हे सारे रात्री गार पडलेल्या खिडक्यांच्या चौकटींवर, कपाटांच्या मागे आणि गादीखालच्या फळीवर पाणी होऊन साचते व कोकणातल्या पावसाळ्याप्रमाणे कपड्यांना बुरशीचा वास येऊ लागतो. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा धोका वेगळाच.

याच किनाऱ्यावरच्या लिकाता येथील मरीनात, म्हणजे बोटी बांधून ठेवण्याच्या छोट्या बंदरात, आम्ही धक्क्यावरच्या विजेवर चालणारा लहान हीटर आणि ओलावा काढणारे यंत्र वापरले. यंत्र निवडताना एक गोष्ट पाहावी: कॉम्प्रेसरवर चालणाऱ्या यंत्राची नळी थंडीत गोठू लागते आणि त्याचे काम मंदावते, तर ओलावा शोषणाऱ्या पदार्थावर चालणारे यंत्र वीज अधिक खात असले तरी गारठ्यातही चालते, शिवाय बाहेर टाकलेली हवा किंचित उबदार असते. मात्र हीटर, हे यंत्र आणि विजेची किटली एकाच वेळी लावल्यास धक्क्यावरचा फ्यूज उडण्याची बरीच शक्यता असते, म्हणून चहाच्या वेळी हीटर बंद ठेवावा.