सोसायटीचा मालिका गट : स्पर्धकाला घरी कोणी पाठवावे?

ए-५०१ : काल 'रुपॉल्स ड्रॅग रेस ऑल स्टार्स'च्या, म्हणजे स्त्रीवेशात कला सादर करणाऱ्या जुन्या स्पर्धकांना पुन्हा उतरवणाऱ्या स्पर्धामालिकेच्या, तिसऱ्या पर्वाचा सहावा भाग पाहिला आणि रात्री बराच वेळ झोप लागली नाही. बेनडेलाक्रेमने पाच आव्हाने जिंकली होती, मुकुट तिच्या आवाक्यात होता आणि तरीही, बाद करायच्या स्पर्धकाचे नाव ज्यावर असते त्या लिपस्टिकवर तिने पांढरी शाई लावून स्वतःचेच नाव लिहिले. बी-२०३, तुम्ही ही मालिका पहिल्या पर्वापासून पाहत आला आहात. तिने असे का केले असावे?

बी-२०३ : काकू, मला त्याचे मूळ नियमात दिसते. २००९ साली सुरू झालेल्या मूळ मालिकेत त्या आठवड्यात सर्वांत मागे पडलेल्या दोघी एकाच गाण्यावर लिप-सिंक करतात, म्हणजे वाजणाऱ्या गाण्यावर ओठ हलवून सादरीकरण करतात, आणि कोणी राहायचे, कोणी जायचे हे सूत्रसंचालक व मुख्य परीक्षक रुपॉल ठरवतात. २०१६ च्या ऑल स्टार्सच्या दुसऱ्या पर्वापासून हे उलटे झाले. आठवड्यातल्या सर्वोत्तम दोघी लिप-सिंक करू लागल्या, जिंकणारीला १०,००० डॉलर मिळू लागले आणि त्यासोबत मागे पडलेल्यांपैकी एकीला घरी पाठवण्याचे कामही तिच्याच गळ्यात पडले. बेनडेलाक्रेमने पहिल्याच भागात मॉर्गन मॅकमायकल्सला बाद केले होते. सहाव्या भागात बाद झालेल्यांपैकी एकीला परत आणायची वेळ आली, तेव्हा तिने मॉर्गनलाच परत घेतले आणि स्वतः बाहेर पडली. मला तो त्याग वाटत नाही; जे काम तिला मुळातच मान्य नव्हते, ते पुन्हा करण्यास तिने दिलेला तो नकार होता. ज्यांच्यासोबत आरशासमोर बसून रंग लावायचा, त्यांच्याच नावाची लिपस्टिक हाती घ्यायला लावणे मला आजही अन्यायाचे वाटते.

सी-१०४ : दादा, मी सहमत नाही. मूळ पद्धत तरी न्याय्य कुठे आहे? नवव्या पर्वात व्हॅलेंटिना आघाडीच्या स्पर्धकांपैकी होती, प्रेक्षकांची लाडकी होती आणि एका गाण्यात तिची सगळी मेहनत वाया गेली.

बी-२०३ : त्याच प्रसंगामुळे माझे मत पक्के झाले. गाणी स्पर्धकांना आधीच दिलेली असतात. व्हॅलेंटिना तोंडावरचा मुखवटा काढेना, तेव्हा रुपॉल यांनी गाणे थांबवून तिला तो काढायला लावला आणि तिला शब्द पाठ नाहीत हे सर्वांना दिसले. मला ते पाहवले नाही, पण निर्णय कशावरून झाला याबद्दल कोणाच्याही मनात शंका उरली नाही. याउलट पाचव्या पर्वात रॉक्सी अँड्र्यूज आणि अलिसा एडवर्ड्स यांचे लिप-सिंक इतके तोडीस तोड झाले, की रुपॉल यांनी दोघींनाही ठेवून घेतले. गाणे संपल्यावर रॉक्सीने, लहानपणी आईने आपल्याला आणि बहिणीला बसथांब्यावर सोडून दिल्याचे रडत सांगितले, आणि तो प्रसंग आठवला की माझा गळा आजही दाटून येतो. समोरचे पाहून नियम बाजूला ठेवण्याची मुभा परीक्षकाला असते. स्पर्धकाने तसे केले, तर तिच्यावर मैत्रीचा किंवा डावपेचाचा आरोप होणारच.

सी-१०४ : हे पटते. पण पहिल्याच भागात बाद होणारीचे काय?

बी-२०३ : दहाव्या पर्वात व्हेनेसा व्हँजी मातेओ सर्वांत आधी गेली आणि जाताना उलट्या पावलांनी मागे चालत तिने आपले नाव तीनदा उच्चारले. पुढच्याच पर्वात तिला पुन्हा बोलावले गेले. अशी संधी सर्वांना मिळत नाही, हे मात्र खरे.

ए-५०१ : ऑल स्टार्सच्या सातव्या पर्वात कोणालाच बाद केले नाही, असे मुलगी सांगत होती.

बी-२०३ : होय, २०२२ च्या त्या पर्वात आठही स्पर्धक आधीच्या विजेत्या होत्या. तरीही जिंकणारीने दुसऱ्या एकीला पुढच्या आठवड्यात जिंकल्याचा तारा (स्टार) मिळू नये म्हणून अडवायचे होते. घरी कोणी गेले नाही, पण सहकाऱ्याच्या वाटेत उभे राहण्याचे काम पुन्हा स्पर्धकाकडेच राहिले.

ए-५०१ : मॉर्गन पहिल्या भागात कोणामुळे गेली होती, हे काल माझ्या लक्षातच आले नव्हते. आज जेवण झाल्यावर पहिला आणि सहावा, असे दोन्ही भाग लागोपाठ पाहणार आहे.